वाय-फाय लागलंय, पण नेट नाही

या महिन्यात तुमच्या पत्रांतली निम्मी एकाच रडगाण्याची आहेत. लॅपटॉपवर वाय-फाय लागतं, दांड्या पूर्ण दिसतात आणि खाली लिहून येतं, नो इंटरनेट. मी आधी म्हटलं एकच मोठं उत्तर लिहून सगळ्यांना वाटून टाकू, पण पत्रं नीट वाचली तर लक्षात आलं की पाटी सगळीकडे तीच असली तरी आजार प्रत्येकाचा वेगळा आहे, म्हणून सुटीसुटीच घेतो. नावं छापत नाही, नुसती इंदुरातली वस्ती लिहितो.

प्रश्न : दादा नमस्कार. मी रिटायर माणूस, राजेंद्रनगरात राहतो. दिवाळीच्या आधी आम्ही नेटची कंपनी बदलली. कंपनीचा मुलगा येऊन नवीन डबा (राउटर) लावून गेला, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मी मुद्दाम जुनाच ठेवायला लावला म्हणजे घरात सगळ्यांना परत टाकत बसायला नको. मोबाइल चालतात, टीव्ही चालतो, सूनबाईंचा ऑफिसचा लॅपटॉप मस्त चालतो, फक्त माझाच त्या दिवसापासून रुसलाय. मोबाइलचा हॉटस्पॉट दिला तरी तेच, नो इंटरनेट. पण गंमत अशी की मोबाइल वायरने लॅपटॉपला जोडून नेट दिलं की लगेच चालतं. दुकानात दाखवला तर तो म्हणाला वाय-फाय कार्ड गेलंय, कार्ड बदलून फॉरमॅट मारून अडीच हजार. शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याने काळ्या खिडकीत काहीतरी लिहून आकडे काढून दिले ते पाठवतो. आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.०.५०, डीफॉल्ट गेटवे १९२.१६८.०.१, डीएचसीपी एनेबल्ड नो. माझ्या मोबाइलचा आकडापण त्याने लिहिलाय, १९२.१६८.१.७. मला यातलं काही कळत नाही. अडीच हजार घालू का?

उत्तर : काका, एक रुपयासुद्धा घालू नका, आणि त्या शेजारच्या मुलाला माझ्याकडून छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत काहीतरी खाऊ घाला, कारण त्याने जे चार आकडे लिहून दिलेत त्यातच सगळं आलंय.

आधी दुकानवाल्याचं बघू. वाय-फाय कार्ड खरंच गेलं असतं तर वाय-फाय लागलंच नसतं, नावांची यादीच दिसली नसती. वाय-फाय लागणं म्हणजे तुमच्या लॅपटॉपने आणि डब्याने पासवर्ड विचारून एकमेकांना ओळखलं, एवढंच. नेट येणं ही त्याच्या पुढची गोष्ट. मध्ये दोन दोऱ्या आहेत असं समजा, एक लॅपटॉपपासून डब्यापर्यंत आणि दुसरी डब्यापासून कंपनीपर्यंत. घरातले बाकीचे सगळे त्याच डब्यावर चालतायत म्हणजे दुसरी दोरी धड आहे, कंपनीला फोन करून काही उपयोग नाही. आणि हॉटस्पॉटवरपण तेच होतंय म्हणजे नवीन डब्याचापण दोष नाही. राहिला लॅपटॉप. पण लॅपटॉपमध्येही सगळंच बिघडलेलं नाही, कारण वायरने दिलं की चालतं. विंडोजला वाय-फायचा रस्ता वेगळा आणि वायरचा रस्ता वेगळा, दोघांच्या सेटिंग वेगवेगळ्या असतात. म्हणजे गडबड फक्त वाय-फायच्या सेटिंगमध्ये आहे, आणि सेटिंगसाठी फॉरमॅट म्हणजे नळ गळतो म्हणून घर पाडण्यातला प्रकार झाला.

आता आकडे बघा. घरातल्या प्रत्येक यंत्राला डबा एक पत्ता देतो. आपल्या घरगुती डब्यांमध्ये साधारण असं असतं की पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली आणि शेवटचा म्हणजे घर नंबर. तुमच्या मोबाइलची गल्ली आहे १९२.१६८.१, म्हणजे नवीन डबापण त्याच गल्लीत बसलाय. लॅपटॉप मात्र सांगून राहिलाय की मी १९२.१६८.० मध्ये राहतो, पन्नास नंबरात, आणि गल्लीचं फाटक आहे ०.१ ला. तो जुन्या कंपनीच्या डब्याचा पत्ता होता! तुम्ही गल्ली बदलली पण लॅपटॉप अजून जुन्याच गल्लीत जाऊन फाटक ठोठावतोय आणि तिथे आता कोणीच राहत नाही.

हे आपोआप का नाही सुधारलं, त्याचं उत्तर तिसऱ्या ओळीत आहे, डीएचसीपी एनेबल्ड नो. डीएचसीपी म्हणजे डब्याकडून पत्ता मागून घ्यायची सोय. ती कोणीतरी बंद करून पत्ता हाताने लिहून ठेवलाय. सूनबाईंच्या लॅपटॉपमध्ये आणि मोबाइलमध्ये ती चालू आहे म्हणून त्यांनी नवीन डब्याला विचारलं, नवीन पत्ता घेतला आणि कामाला लागले. तुमच्यात कोणी लिहिला असेल ते आठवून बघा, बहुतेक कधीतरी प्रिंटर लावायला किंवा कॅमेरे बसवायला आलेल्या माणसाने, ही मंडळी आपलं काम झटकन व्हावं म्हणून पत्ता ठोकून देतात आणि सांगत नाहीत. त्याची चूक म्हणता येत नाही, तेव्हा ते बरोबरच होतं.

(जाता जाता, हे १९२.१६८ बघून काही लोक घाबरतात की आपला पत्ता शेजाऱ्याशी जुळतोय म्हणजे कोणी नेट चोरतंय. तसं नाही. हे आकडे १९९६ सालच्या नियमाने घरातल्या घरात वापरायला राखून ठेवलेत, इंदुरातपण तेच आणि टोकियोतपण तेच.)

आता करायचं काय. आधी हे जुने आकडे वहीत लिहून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढला तरी चालेल. मग कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, छोटी चौकट येईल, तिच्यात इंग्रजीत एनसीपीए डॉट सीपीएल लिहून एंटर मारा. वाय-फाय लिहिलेलं चित्र दिसेल, त्यावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज. त्या यादीत इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन फोर शोधा, व्हर्जन सिक्सपण तिथेच असतं, त्याला हात लावू नका. फोरवर डबल क्लिक केलं की तुम्हाला ते ०.५० वगैरे हाताने लिहिलेलं दिसेलच. वरचा गोळा ऑब्टेन अ‍ॅन आयपी अ‍ॅड्रेस ऑटोमॅटिकली वर करा आणि खालचा डीएनएसवाला (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा) गोळापण ऑटोमॅटिकवर करा. हा खालचा गोळा लोक विसरतात. मग होतं असं की पत्ता बरोबर मिळतो पण नावं शोधायला लॅपटॉप अजून जुन्या डब्यालाच विचारत बसतो, आणि पाटी तीच, नो इंटरनेट. दोन्ही केलं की ओके, परत ओके, वाय-फाय एकदा बंद करून चालू.

माझ्या अंदाजाने एवढ्यात चालेल. नाहीच चाललं तर शेजारच्या मुलाला सांगा काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, पिंग लिहून पुढे ८.८.८.८ टाक. हा गूगलचा सर्व्हर आहे. त्याच्याकडून उत्तर येतंय पण पिंग गूगल डॉट कॉमला येत नाही असं झालं तर रस्ता मोकळा आहे, फक्त नावाचा पत्ता लावणारा डीएनएस अडलाय. दोन्हींना उत्तर नाही तर रस्ताच बंद आहे. आणि हो, प्रिंटर जर वाय-फायचा असेल तर त्याच्यातपण असाच ठोकलेला पत्ता निघेल. तो दिसेनासा झाला तर दचकू नका, त्याच्या मेनूतपण पत्ता ऑटोमॅटिक करा आणि लॅपटॉपमध्ये नव्याने जोडून घ्या.

प्रश्न : दादा, मी भंवरकुआंला हॉस्टेलमध्ये राहते, एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करतेय. आमच्याकडे वाय-फाय रूम भाड्यात आहे. सकाळी सहाला उठून लावलं तर झकास चालतं, पण क्लासवरून आठ-नऊला आले की लॅपटॉप फक्त आयडेंटिफाइंग आयडेंटिफाइंग करत बसतो आणि मग नो इंटरनेट. ज्या मुली दिवसभर रूमवर असतात त्यांचं मात्र चालू असतं. वॉर्डन म्हणतात तुझाच लॅपटॉप खराब. मी काळ्या खिडकीत आयपी अ‍ॅड्रेसचे आकडे काढले, १६९.२५४ ने सुरू होणारं काहीतरी आलं. मैत्रीण म्हणते हाताने पत्ता टाक, टाकू का?

उत्तर : बेटा, टाकू नकोस, वरच्या काकांचं काय झालं वाचलंस ना.

१६९.२५४ हा पत्ता तुला कोणी दिलेला नाही, लॅपटॉपने स्वतःच घेतलाय. विंडोज ९८ पासूनची सवय आहे त्याची, डब्याला विचारलं पत्ता दे, कोणी उत्तरच दिलं नाही, तर थोडा वेळ थांबून तो आपल्या मनाने १६९.२५४ मधला एखादा घेऊन बसतो. त्याने नेट कधीच चालत नाही. म्हणून हा आकडा दिसला की एवढंच समजायचं, डब्याने पत्ता दिला नाही.

का दिला नाही, ते तूच लिहिलंयस. जे आधीपासून जोडलेले आहेत त्यांचं चालतंय आणि नंतर येणाऱ्याला मिळत नाही, म्हणजे डब्याकडचे पत्ते संपतायत. डब्यात पत्त्याच्या शेवटच्या आकड्याची एक हद्द लिहिलेली असते, समजा शंभरपासून एकशे एकोणपन्नासपर्यंत, म्हणजे पन्नासच पत्ते. तीस-चाळीस मुली, प्रत्येकीचा मोबाइल आणि लॅपटॉप, वर येणारे-जाणारे भाऊ-बाबा, संपणारच. आणि एकदा दिलेला पत्ता डबा लगेच परत घेत नाही, ठरावीक मुदत असते, पुष्कळ डब्यांमध्ये ती कित्येक तासांची असते, म्हणजे दुपारी येऊन गेलेल्या कोणाच्या मामाचा मोबाइल रात्रीपर्यंत एक पत्ता अडवून बसलेला असतो. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात बाकड्यावर रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसंच.

वॉर्डनबाईंना भांडू नकोस, एवढं सांग की नेटवाल्याला बोलावून डब्यात डीएचसीपीची हद्द वाढवून घ्या, २ पासून २५४ पर्यंत करता येते, आणि लीज टाइम, म्हणजे ती मुदत, दोन तासांवर आणा. पाच मिनिटांचं काम आहे. तोवर तुझ्या हातात एवढंच, काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, मग जागा सोडून स्लॅश रिन्यू. तेवढ्यात कोणाचा पत्ता सुटला असेल तर तुला मिळून जाईल. हाताने का नको तेपण सांगतो. तू जो आकडा टाकशील तोच डबा दुसऱ्या मुलीला देऊन बसला असेल तर दोघींचं नेट तुटत राहील, आणि रात्री अकराला टेस्ट सिरीज चालू असताना ते झालं तर मैत्री टिकणार नाही. शिवाय सुटीत घरी गेलीस की तिथे लॅपटॉप चालणार नाही आणि तू मला परत पत्र लिहिशील.

हद्द वाढवूनही संध्याकाळी रडत असेल तर मग एक घरगुती डबा एवढ्या जणींना पुरत नाहीये, दुसरा लावावा लागेल, ते मालकाच्या खिशाचं काम.

प्रश्न : भाऊ, मी सुदामानगरला गाण्याचे ऑनलाइन क्लास घेते. लॅपटॉपवर वाय-फायच्या जागी पृथ्वीचा गोळा दिसतो आणि नो इंटरनेट लिहितो, पण यूट्यूब चालतं, क्लासपण चालतो! फक्त आउटलुक म्हणतं तुम्ही ऑफलाइन आहात. भाच्याने मागच्या आठवड्यात जाहिराती येऊ नयेत म्हणून काहीतरी करून दिलं होतं, त्याने होतंय का? नेट आहे की नाही हेच कळेना.

उत्तर : ताई, नेट आहे. विंडोज चुकीचं बोलतोय, आणि तो का चुकतो ही मोठी मजेची गोष्ट आहे.

विंडोजला नेट आहे की नाही हे कसं कळतं? तो दरवेळी एक चिठ्ठी मागवून बघतो. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून एक इवलीशी टेक्स्ट फाइल मागवली जाते, तिच्यात फक्त तीन इंग्रजी शब्द असतात, मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट. मधल्या जागा धरून बावीस अक्षरं. ही बावीस अक्षरं जशीच्या तशी आली की विंडोज म्हणतो नेट आहे, नाही आली की गोळा दाखवतो. म्हणजे बाकी सगळी दुनिया चालू असेल आणि वाटेत फक्त ही एक चिठ्ठी कोणी अडवली तरी तो ठणाणा करणार की नेट नाही. आणि आउटलुकसारखी काही अ‍ॅप स्वतः बघत नाहीत, विंडोजवर विश्वास ठेवतात, म्हणून तेपण ऑफलाइन म्हणतं. यूट्यूब ब्राउझरमध्ये चालतं, ब्राउझर कोणाला विचारत नाही, सरळ जातो.

स्टेशनवर किंवा हॉटेलात वाय-फाय लावलं की आपोआप लॉगिनचं पान उघडतं, तेपण याच चिठ्ठीमुळे. विंडोजने चिठ्ठी मागितली, हॉटेलवाल्याने तिच्या जागी आपलं पान पाठवलं, विंडोजला कळलं की इथे फाटकावर कोणीतरी उभं आहे.

तुमच्याकडे चिठ्ठी अडवणारा भाचाच असणार. जाहिराती अडवणारे डीएनएस कधीकधी असे पत्तेपण अडवतात, कारण त्यांच्या यादीत हे मोबाइल-लॅपटॉपने गुपचूप केलेलं बोलणं म्हणून लिहिलेलं असतं. व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवून आणणारी सोय) चालू असेल तरी असं होतं, तो आधी बंद करून बघा. मग डीएनएस ऑटोमॅटिक करा, रस्ता पहिल्या पत्रात दिलाय. जाहिराती परत येतील, पण त्यासाठी ब्राउझरमध्ये वेगळं एक्स्टेन्शन घालता येतं, सगळ्या लॅपटॉपचं नेट वळवायची गरज नाही. भाच्याला रागावू नका, आजकाल एवढं करून देणारे भाचेपण कुठे मिळतात.

प्रश्न : आईचा लॅपटॉप आठ महिने कपाटात होता. आता काढला तर वाय-फाय लागतं, नो इंटरनेटपण लिहिलेलं नाही, तरी एकही साइट उघडत नाही, प्रत्येक ठिकाणी युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट. व्हायरस आहे का? — रामबाग

उत्तर : खाली उजवीकडे तारीख बघा. मागचं कुठलं तरी साल निघेल. लॅपटॉपच्या आत घड्याळ चालवायला बहुतेक वेळा एक बटण-सेल असतो, सीआर २०३२ म्हणतात, तो संपला की घड्याळ मागे जातं. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटवर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, लॅपटॉप जुन्या सालात बसून बघतो आणि म्हणतो हे तर अजून सुरूच झालं नाही, खोटं दिसतंय. आणि नो इंटरनेट का नाही लिहिलं, तर वरच्या ताईंना सांगितलेली ती चिठ्ठी साध्या एचटीटीपीवरून येते, तिला सर्टिफिकेट लागत नाही, ती आरामात येऊन जाते. तारीख-वेळ हाताने नीट करा, टाइम झोन कोलकातावाला ठेवा, साइट उघडतील. चार्जर काढून एक रात्र बंद ठेवल्यावर परत तारीख पळाली तर सेल बदलून घ्या, आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये कोणीही करून देईल, पण आधी भाव विचारा.

प्रश्न : लाइट गेली आणि आली तेव्हापासून घरात कोणाचंच नेट नाही. मी डब्याच्या मागच्या बारीक भोकात सुई घालून रीसेट करू का? — लोकमान्यनगर

उत्तर : भिया, सुई आधी खाली ठेवा! त्या भोकाने डब्यातला तुमच्या कंपनीचा युजरनेम-पासवर्डपण पुसला जाऊ शकतो, मग नेट आलं तरी तुमचं चालणार नाही. डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल आहे का बघा. लाल म्हणजे फायबरमधून उजेडच येत नाहीये. मागची पिवळी-पांढरी बारीक तार कपाटाखाली दबली किंवा कोनात दुमडली गेली नाही ना ते बघा, आत काच असते, वायरसारखी वागवू नका. ती ठीक असेल तर तार बाहेर कुठे तरी तुटली असेल, तुमच्या गल्लीत खोदकाम चालू असेल तर विचारायलाच नको. कंपनीला फोन करून सरळ सांगा, एलओएस लाल आहे, म्हणजे तो तुम्हाला डबा बंद-चालू करायला लावून अर्धा तास खाणार नाही. दिवा लाल नसेल तर मग डबा बंद करून दोन मिनिटांनी लावा, लाइट येताना झटका बसून तो अडकला असेल.

प्रश्न : आमच्याकडे फक्त सकाळी साडेआठच्या सुमाराला लॅपटॉपचं नेट जातं, दहा मिनिटांनी आपोआप येतं. महिना झाला. तेव्हा घरात सगळे नाश्त्याच्या गडबडीत असतात, कोणी जड काही बघतपण नसतं. डबा स्वयंपाकघरात फ्रिजवर आहे. — वैशालीनगर

उत्तर : फ्रिजच्या शेजारी मायक्रोवेव्ह आहे, बरोबर? तुम्ही लिहिलं नाही पण असणार. मायक्रोवेव्ह आणि वाय-फायची जुनी पट्टी (बँड), दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. मायक्रोवेव्हमधून थोडी गळती असतेच, तेवढ्याने तब्येतीला काही होत नाही पण जवळच्या डब्याचं बोलणं लॅपटॉपला ऐकू येईनासं होतं. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवाल्या नावावर जोडा, डबा नवा असेल तर यादीत पुष्कळदा दोन नावं दिसतात. ती पट्टी भिंतीपलीकडे कमी पोचते म्हणून डबापण फ्रिजवरून उचलून बैठकीत आणा, नाहीतरी फ्रिजची लोखंडी पेटी वाय-फायला आडवी येतेच.

आणि साडेआठला मायक्रोवेव्हमध्ये पोहे गरम होत असतील तर ते आधी बंद करा. इंदुरात राहून पोहे वाफेवर नाही ठेवायचे तर कुठे ठेवायचे?